ग्रीन टी पिऊन बीपी आणि कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का?

हिरवी_मिरची
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिनने हलवा. नवऱ्याचं वय ४७, ऑफिसच्या चेकअपमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) पण वर, आणि बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी १४६/९२ च्या आसपासच, म्हणून डॉक्टरांनी बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० सुरू केलीये आणि कोलेस्टेरॉलचं म्हणाले की तीन महिने खाणंपिणं सांभाळा, चाला, मग परत रिपोर्ट बघून गोळीचं ठरवू. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की ग्रीन टीने त्याचं सगळंच नॉर्मलला आलं, झालं, तेव्हापासून आमच्याकडे दिवसाला पाच-सहा कप चालू आहेत, ओट्यावर त्या पिशव्यांच्या दोऱ्यांचा गुंता. वर ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्यात, त्या मी सध्या तांदळाच्या डब्यामागे ठेवल्यात. आणि आता नवीन टूम अशी की बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते, त्यापेक्षा ती बंद करून नुसत्या चहाने किती उतरतं ते बघू. मला एवढंच विचारायचंय की याने खरंच किती फरक पडतो, आणि गोळीच्या जागी हे चालतं का. व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको, ते घरात भरपूर आहे.

कडूकारले
फरकाचं माहीत नाही पण चव मेथीची जुडी विसळलेल्या पाण्यासारखी असते. पाच-सहा कप पिणाऱ्या माणसाला माझा साष्टांग. बाथरूमच्या वाऱ्यांनीच चालणं पूर्ण होत असेल त्यांचं.

चाळीतला_चहाबाज
ताई एवढे पैसे कशाला घालवता, आपला गवती चहा कुंडीत लावा, आलं तुळस घालून उकळा, तोही हिरवाच आहे की. आमची आजी नव्वदीपर्यंत प्यायली.

सुईदोरा
चहाबाज, गवती चहा छानच, पण ते गवत आहे हो, त्यात चहाचं पान नसतंच. ग्रीन टी म्हणजे आपण रोज पितो त्याच झुडपाची पानं. डब्यातल्या सीटीसीमध्ये पान चुरडून, फाडून, त्याच्या बारीक गोळ्या वळून हवेवर काळं पडू देतात. ग्रीन टीचं पान तोडल्या तोडल्या वाफवतात नाहीतर मोठ्या कढईत परततात, त्याने पान काळं पाडणारं एन्झाइम मरतं आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं पानात तशीच राहतात, सगळी चर्चा त्या कॅटेचिनची चालते. आणि चिनी-जपानीच घ्यायला हवा असंही नाही, हिमाचलात पालमपूरच्या बाजूला कांगड्याचा ग्रीन टी मिळतो, त्याला २००५ साली जीआय टॅगही मिळालाय. एकेकाळी तो काबूल आणि पार मध्य आशियापर्यंत जायचा, १९०५ च्या भूकंपात मळे आणि कारखाने झोपले ते झोपलेच. आम्ही फिरायला गेलो तेव्हा आणला होता, पिशवीतल्या भुशापेक्षा कितीतरी बरा लागतो.

औषधवाला
हिरवी_मिरची ताई, मी बी.फार्म., बरीच वर्षं मेडिकलचं दुकान चालवलंय, डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा प्रश्न गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ आहे.

परिणाम होतो का, तर होतो, थोतांड नाही. २०२० साली ३१ चाचण्यांचा एकत्र हिशोब आला, तीन हजारांवर माणसं होती त्यात, ग्रीन टी किंवा त्याचा अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेचार मिलिग्रॅमने उतरलं होतं, एकूण कोलेस्टेरॉल पण तेवढंच, आणि ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल जागचं हललं नाही. बीपीचं तसंच, २०१४ मध्ये १३ चाचण्यांचा हिशोब आला त्यात वरचं आणि खालचं दोन्ही सुमारे दोन-दोन पॉइंटने कमी. आता हे तुमच्या घरच्या आकड्यांवर लावून बघा. १४८ चं साधारण १४३ होईल. अ‍ॅटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन जातीची गोळी, तिची लहानशी १० ची गोळी एलडीएल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरवते, म्हणजे १४८ चं ९५ च्या आसपास. १४६ बीपीचं १४४ होईल. म्हणजे होतं ते खरंच होतं पण गोळीच्या जागी बसण्याइतकं होत नाही.

बरं यात अजून एक गोम आहे. एलडीएल काहीही न करता सुद्धा एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं, १४८ वाल्याचं पुढच्या महिन्यात १३८ पण येईल आणि १५८ पण येईल. ऑफिसातल्या त्या गृहस्थाचं "सगळं नॉर्मल" झालं त्यात चहाचा वाटा किती, त्यानेच कमी केलेल्या वड्याभज्यांचा किती आणि या हेलकाव्याचा किती हे एका रिपोर्टवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बीपीची गोळी मनाने बंद करू नका. टेल्मिसार्टन बंद केली की बीपी काही दिवसांत हळूहळू पूर्वीच्या जागी जातं, त्रास काहीच होत नाही, म्हणून माणसाला वाटतं बघा चहा लागू पडला. मशीन लावल्यावर कळतं. आणि "जन्माची लागते" हे गोळीमुळे नाही, बीपी जन्माचं असतं म्हणून.

मावशी_डोंबिवली
औषधवाला, एकदम मुद्द्याचं लिहिलंत. शेवटची ओळ प्रिंट काढून फ्रीजवर लावते, आमच्याकडे पण असाच एक नमुना आहे.

टिळकरोड_ते_तोक्यो
मी दहाएक वर्षं जपानात आहे म्हणून लिहितो. इथे ग्रीन टीला कुणी औषध समजून पीत नाही, हॉटेलात बसलात की पाण्याच्या जागी तोच येतो. पण तुम्ही लोक जो अभ्यास शेअर करत असता ना, "जपानी लोक ग्रीन टीमुळे हार्टच्या आजाराने कमी मरतात", तो बहुतेक ओसाकीचा असतो, ओसाकी म्हणजे ओसाका नव्हे, वर तोहोकूमध्ये मियागी प्रांतात आहे. १९९४ मध्ये सुरू झाला, चाळीस हजारांहून जास्त माणसं, वयं ४० ते ७९. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू एक कपही न पिणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले, बायकांमध्ये फरक जास्त, पुरुषांत कमी. २००६ साली छापून आला. आता गंमत बघा, तोहोकू हा भाग खारवलेल्या भाज्या, मिसो सूप आणि खारट माशांसाठी प्रसिद्ध आणि एकेकाळी पक्षाघाताचं प्रमाण जपानात सगळ्यात वाईट असलेल्या भागांपैकी. म्हणजे ग्रीन टी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पीत होतेच, तरी पक्षाघात व्हायचेच, ते खाली आले मीठ कमी करायच्या मोहिमा आणि बीपीच्या तपासण्या-गोळ्या सुरू झाल्यावर. शिवाय हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, जो माणूस निवांत बसून पाच कप चहा पितो तो बाकीच्या बाबतीतही वेगळाच जगत असतो. एका जपानी कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेत एफडीएकडे (तिथलं अन्न-औषध खातं) अर्ज केला होता की ग्रीन टीने हृदयरोगाचा धोका कमी होतो असं डब्यावर छापू द्या, २००६ मध्ये एफडीएने नकार दिला, पुरेसा पुरावा नाही म्हणून.

कडूकारले, चवीबद्दल: तुम्ही उकळतं पाणी ओतत असणार. सेंचाला, म्हणजे इथल्या रोजच्या ग्रीन टीला, ७०-८० डिग्रीचं पाणी लागतं, उकळलं की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग ओता, दीड-दोन मिनिटांत पान बाहेर. उकळत्या पाण्यात पिशवी टाकून फोनवर बोलायला गेलात तर कडूच होणार.

कडूकारले
माझ्या नावावर जाऊ नका साहेब, मी मनाने गोड आहे. उद्या करून बघतो.

आकडेमोड
औषधवाला यांच्याशी थोडा वाद घालतो. दोन पॉइंट म्हणजे काहीच नाही असं जे वाटतं ते एका माणसापुरतं खरं आहे. पण दहा लाख माणसांचा डेटा एकत्र करून २००२ मध्ये जे विश्लेषण आलं होतं त्यात असं दिसलं की मध्यम वयात वरचं बीपी कायमचं फक्त दोनने कमी असलं तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात. अख्ख्या महाराष्ट्राने मिळून दोन पॉइंट उतरवले तर केवढे लोक वाचतील. मग चहाला एवढं हिणवायचं का?

औषधवाला
हिणवत नाहीये हो, तुमचा आकडा बरोबरच आहे. पण त्यात "कायमचं" हा शब्द आहे. ग्रीन टीच्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या, फारतर सहा महिन्यांच्या, त्यातही काहींमध्ये घेतलेला अर्क होता, कप नव्हता. वीस वर्षं पिऊन ते दोन पॉइंट टिकतात का हे त्यातून कळत नाही. आणि दोनच हवे असतील तर मिठाने त्याहून जास्त मिळतात. बीपी असलेल्यांनी दिवसाला चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं तर वरचं बीपी सरासरी पाचने उतरतं हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, आपण त्याच्या कितीतरी पुढे. पापड, लोणचं, फरसाण, ठेचा, वरून भातावर चिमूट. ग्रीन टी सोबत खारे शेंगदाणे खाणारी माणसं मी पाहिलीयेत.

सुगरण_अर्धवट
मला वाटतं सगळे जण कपात काय आलं त्यावरच बोलताय, काय गेलं त्यावर कुणीच नाही. आमच्या सासऱ्यांचं सांगते, आधी दिवसाला पाच कप दुधाचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि दोन वेळा त्यासोबत खारी नाहीतर नानकटाई. दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर, पाच कपांची चाळीस-पन्नास ग्रॅम झाली, म्हणजे दीड-दोनशे कॅलरी नुसत्या साखरेच्याच, साय वेगळी, आणि खारीतलं वनस्पती तूप वेगळं. हे सगळं बंद होऊन त्या जागी बिनसाखरेचा ग्रीन टी आला आणि ग्रीन टीसोबत खारी काही जमेना म्हणून खारी पण गेली. वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड तर जोरात उतरले. गावभर सांगत सुटलेत की ग्रीन टीचा चमत्कार. मी म्हटलं बाबा, नुसतं गरम पाणी प्यायला असतात तरी एवढंच झालं असतं. ऐकत नाहीत, पण खारी खात नाहीयेत ना, मग मी पण गप्प.

मावशी_डोंबिवली
+१ खारी. आणि तो मधवाला, लिंबूवाला तयार पावडरचा ग्रीन टी येतो तो घेऊ नका, मागचं लेबल वाचा, पहिलीच साखर असते.

औषधवाला
सुगरण, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटने एलडीएल वर जातं आणि एचडीएल खाली येतं, दोन्हीकडून नुकसान. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयने (आपली अन्नसुरक्षा संस्था) २ टक्क्यांची मर्यादा घातलीये, पण नाक्यावरच्या बेकरीत कुठली भट्टी कुठलं तूप वापरते ते कोण बघतंय.

चाळीतला_चहाबाज
म्हणजे आमच्या दुधाच्या चहात काहीच नाही का राव? साखर बंद केली तर?

आकडेमोड
बिनसाखरेचा असेल तर बिनधास्त प्या. काळ्या चहातही गुण आहेतच, पान तेच ना. दुधाबद्दल एक छोटा प्रयोग बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलने २००७ मध्ये छापला होता, १६ बायकांवर, नुसत्या काळ्या चहाने रक्तवाहिन्या चांगल्या फाकत होत्या आणि दूध घातल्यावर तो फायदा गायब, दुधातलं केसीन कॅटेचिनला चिकटतं म्हणे. पण १६ माणसांवरून मी तरी चहातलं दूध बंद करणार नाही.

भाऊचा_धक्का
माझा व्हॉल्व बदललेला आहे, रक्त पातळ करायची गोळी कायम चालू, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी). मुलीने ग्रीन टी आणून दिलाय. घेऊ का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून लांब आहे.

औषधवाला
भाऊ, तुमच्या गोळीचं आणि व्हिटॅमिन के चं वैर आहे. चहाच्या सुक्या पानात ते भरपूर असतं पण पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे एखाद-दुसऱ्या कपाने सहसा काही होत नाही. मात्र वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या एका माणसाची १९९९ साली छापलेली केस आहे, तो रोज दोन ते चार लिटर ग्रीन टी प्यायला लागला आणि त्याचं आयएनआर ३.७९ वरून १.३७ ला आलं, म्हणजे गोळीचा परिणाम जवळपास गेला. बदललेल्या व्हॉल्वला ते चालणार नाही. म्हणून अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखान्यात फोन करून विचारा, सुरू केलात तर रोज तेवढाच ठेवा, आज शून्य उद्या सहा कप असं नको, आणि पुढचं आयएनआर लवकर करून घ्या.

अजून एक, नॅडोलॉल नावाची बीपीची एक (बीटा ब्लॉकर जातीची) गोळी आहे, जपानात दहा जणांना दोन आठवडे रोज ७०० मिली ग्रीन टी देऊन बघितलं तर रक्तातलं औषध तब्बल ८५ टक्क्यांनी घटलं होतं, आतड्यातून शोषलंच जाईना. आपल्याकडे नॅडोलॉल फारसं लिहीत नाहीत, त्यामुळे लगेच घाबरू नका, पण सांगायचा मुद्दा हा की "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे काही खरं नाही. बीपीची कुठलीही गोळी साध्या पाण्यानेच घ्या आणि डॉक्टरांना सांगा की मी एवढे एवढे कप पितो. लोक दारूचं सांगतात पण चहाचं सांगत नाहीत.

हिरवी_मिरची
बापरे, केवढी माहिती. कॅप्सूलचं पण सांगा ना कुणीतरी. त्यांचं म्हणणं आहे की एका कॅप्सूलमध्ये दहा कपांचं सत्त्व आहे मग दहा कप कशाला प्यायचे.

औषधवाला
तेच तर भीतीचं कारण आहे ताई. ईजीसीजी नावाचं त्यातलं मुख्य कॅटेचिन, दिवसभरातल्या साध्या कपांतून ते साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातं आणि हळूहळू जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सगळं तपासून सांगितलं की कॅप्सूलमधून दिवसाला ८०० किंवा जास्त गेलं की काहींचे लिव्हरचे आकडे, एसजीपीटी वगैरे, वाढायला लागतात. फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन कमी करायचा ग्रीन टीचा एक अर्क लिव्हरच्या तक्रारींमुळे २००३ मध्येच बाजारातून काढला होता. चहा पिऊन लिव्हर बिघडल्याची उदाहरणं फार क्वचित, अर्काची बरीच, आणि रिकाम्या पोटी घेतला तर जास्त. त्यात ऑनलाइन बाटलीत नक्की किती मिलिग्रॅम आहे ते लेबलवर धड लिहिलेलं नसतं. स्टॅटिन पुढे सुरू झाली तर डॉक्टर लिव्हरचे आकडे बघणार, तेव्हा ते वाढलेले दिसले तर दोष बिचाऱ्या स्टॅटिनला. ती बाटली तांदळामागून परत पाठवा, रिटर्नची मुदत असेल तर.

निंबोणी
बायकांसाठी एक भर घालते. जेवताना किंवा जेवल्या जेवल्या ग्रीन टी घेऊ नका, चहातल्या त्या द्रव्यांमुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना आधीच अ‍ॅनिमिया, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के निघाल्या होत्या. माझ्या जावेचं डाएट असंच, दुपारच्या पोळीभाजीसोबत ग्रीन टी, आणि हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून लोहाच्या गोळ्या बदलत बसली होती. तासाभराचं अंतर ठेवा दोन्हीकडून.

हिरवी_मिरची
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा अख्खा धागा त्यांना वाचून दाखवला. कॅप्सूल परत जातायत. गोळी बंद करणार नाही असं कबूल केलंय पण अट घातलीये की बीपीचं मशीन घरी आणायचं आणि ग्रीन टीने काही होतं का ते ते स्वतः बघणार. इंजिनिअर आहेत, एक्सेल शीट तयार झालीये. मशीन कुठलं घेऊ आणि कधी मोजायचं?

आकडेमोड
एक्सेल ऐकून डोळे पाणावले. दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपायच्या आधी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, ग्रीन टी पण नाही, त्यातही कॅफिन असतंच, कपाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, त्याने थोडा वेळ बीपी उलट वर जातं. आणि एकेका आकड्यावरून भांडू नका, आठवड्याची सरासरी काढा.

औषधवाला
आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, मध्ये मध्ये नको. तेव्हाही वरच असेल आणि डॉक्टर गोळी म्हणाले तर घ्यायची, चहा सोबत चालू राहिला तरी हरकत नाही, दोन-तीन कप.

कडूकारले
तोक्योकर, करून बघितला बरं का. पाणी गार होऊ दिलं, दीड मिनिट ठेवला. पिण्यासारखा झाला. बायको म्हणाली आता कॉफी सोडा.

आकडेमोड
कॉफी कुठली पिता त्यावर आहे. न गाळलेल्या किंवा जाळीच्या भांड्यातल्या कॉफीत जे तेलकट द्रव्य उतरतं त्याने एलडीएल खरंच वाढतं, कागदाच्या फिल्टरने गाळली की ते बरंचसं अडतं. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.